रायफल अंगाला बसेपर्यंत

जर्मनीतलं उल्म हे डॅन्यूबकाठचं शहर. आइनस्टाइनचं जन्मगाव म्हणून आणि तिथल्या चर्चच्या गगनचुंबी मनोऱ्यासाठी ते जगाला ठाऊक आहे. नेमबाजांना मात्र हा पत्ता वेगळ्याच कारणाने पाठ असतो. आन्शुट्झ आणि वॉल्थर या दोन्ही रायफल कंपन्या इथल्या. मूळच्या दोघीही थुरिंगियातल्या त्सेला-मेलिसच्या. दुसऱ्या महायुद्धानंतर तो मुलूख सोव्हिएत अमलाखाली गेला आणि दोघींनी पुढे उल्ममध्ये बस्तान बसवलं. कोल्हापूरपासून कैरोपर्यंतच्या रेंजवर गेलात तर या गावाचं नाव कोरलेल्या नळ्या हमखास दिसतात.

नवी रायफल येते ती कडक पेटीत, फोममध्ये रुतवलेली. सोबत ॲलन कीचा जुडगा, काही वॉशर आणि एक कार्ड. कार्डावर अनेक गोळ्यांचं मिळून जवळपास एकच भोक असतं. कारखान्यात ही नळी शिकंज्यात आवळून झाडली तेव्हाचा तो दाखला. माणूस मधे नसला तर रायफल चोख आहे, एवढं कंपनी लिहून देते. माणूस मधे आला की काय होतं, याची जबाबदारी ती घेत नाही.

जाणता नेमबाज ते कार्ड कौतुकाने बघतो, जपून ठेवतो आणि मग स्क्रू ढिले करायला बसतो.

ही स्क्रूची कहाणी वर्षानुवर्षं चालते. आधी खांद्याला टेकणारी बट प्लेट बदलते, मग मुठीची ग्रिप. वर्षाभराने मागच्या साइटवर नवी आयरिस येते. कुणी पुढे नळीला वजनं लावतं, कुणी लावलेली काढतं. दहा वर्षांनी त्या रायफलीत कारखान्यातून आलेली नळी आणि बोल्ट सोडले तर फारसं काही मूळचं उरलेलं नसतं. स्टॉकसुद्धा बदललेला असतो. नव्वदच्या दशकापर्यंत अक्रोडाच्या लाकडाचा स्टॉक हीच शान होती. नंतर ॲल्युमिनियमचा सांगाडा आला. त्यावर प्रत्येक भाग रुळावरून पुढे-मागे सरकतो, वर-खाली होतो, तिरका होतो. देखणेपणात लाकडाचा हात कुणी धरणार नाही, हे खरं. पण लाकूड हवेतल्या दमटपणाने फुगतं, आणि वरळीच्या समुद्रकिनारी पावसाळ्यात लाकडी स्टॉक सांभाळण्यात काय मजा असते ते मुंबईच्या जुन्या नेमबाजांना विचारावं.

एवढा खटाटोप कशासाठी, ते आकडे बघितले की कळतं. ५० मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे करंगळीच्या नखाएवढं. १० मीटर एअर रायफलमध्ये दहाचा तो ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर. ५० मीटरच्या रायफलवर पुढची आणि मागची साइट यांत सुमारे ८५ सेंटिमीटर अंतर धरलं आणि त्रैराशिक मांडलं, तर पुढचं टोक मिलिमीटरच्या सातव्या हिश्शाएवढं जरी कललं तरी गोळी दहाच्या बाहेर जाते. तिथेही दुर्बीण नाही. मागे एक बारीक छिद्र, पुढे एक कडी, कडीच्या मधोमध काळा गोल. आणि आता तर दशांशात गुण मोजतात. अंतिम फेरीत १०.९ हा सर्वोत्तम फटका, १०.१ मारला तर तोंड वाकडं होतं.

त्यामुळे शरीर आणि रायफल यांच्यात कुठेही ओढाताण नको. स्नायूने रायफल धरून ठेवायची नाही, हाडांवर ती नुसती टेकायची, असं शिकवतात. स्नायू थकतो, थरथरतो. हाड थकत नाही. ती हाडावर टेकली आहे का हे बघण्याची रीत साधी आहे. डोळे मिटायचे, रायफल खांद्याला लावायची, गाल जिथे आपसूक विसावेल तिथे विसावू द्यायचा, एक-दोन श्वास घ्यायचे आणि मग डोळे उघडायचे. मागच्या छिद्रातून पुढची कडी बरोबर मध्यावर दिसली तर गालाखालचा चीक पीस जागेवर आहे. डावीकडे काळी कोर दिसली, तर मान नकळत ताणून डोळा मध्यावर आणला जाणार. पहिल्या दहा फटक्यांत ते जाणवणार नाही, पण पन्नासाव्याला मान बोलायला लागेल. मग ॲलन की घ्यायची, चीक पीस एक मिलिमीटर उजवीकडे सरकवायचा, पुन्हा डोळे मिटायचे. सगळी सरावाची सकाळ या एका स्क्रूवर गेली, तरी प्रशिक्षक कुरकुरत नाही.

शरीर मात्र एका जागी थांबत नाही, हीच खरी गोम आहे. बाराव्या-तेराव्या वर्षी रायफल हातात घेतलेली मुलगी सोळाव्या वर्षी हातभर वाढलेली असते. बट प्लेट मागे सरकवून, मधे स्पेसर घालून लांबी वाढवत न्यावी लागते. तिशीत कंबर दुखायला लागते, कारण उभ्याने नेम धरताना पाठ मागे आणि बाजूला कललेली असते आणि रायफलीचा सगळा भार मणक्यातून खाली उतरतो. मग कुणी पाम रेस्ट उंच करून कल कमी करतं, कुणी साइटखाली रायझर घालून मान सरळ ठेवतं. मलेशियाची नूर सूर्यानी तैबी २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर रायफल खेळली तेव्हा आठ महिन्यांची गरोदर होती. उभं राहण्याचा तोलच पूर्ण बदललेला असताना तिने रायफलीशी पुन्हा कसं जुळवून घेतलं असेल, याचा अंदाज नेमबाजच करू जाणे.

तीन पोझिशनच्या प्रकारात तर हा प्रश्न एकाच दुपारी तीनदा सोडवावा लागतो. आधी नीलिंग, म्हणजे एका गुडघ्यावर बसून. मग प्रोन, म्हणजे पोटावर झोपून. शेवटी स्टँडिंग. नीलिंग आणि प्रोनला दंडाला स्लिंगचा पट्टा असतो, उभ्याने तो नसतो. झोपून खेळताना डोकं पुढे झुकतं, खांदा वर येतो. उभ्याने डोकं ताठ, रायफल उंच, त्यामुळे बट प्लेट खाली उतरवावी लागते. डाव्या हाताचा हँड स्टॉप प्रोनमध्ये पुढे असतो. स्टँडिंगमध्ये त्याच्या जागी पाम रेस्ट येतो, म्हणजे कोपर कमरेच्या हाडावर टेकवून तळहातावर रायफल तोलता येते. म्हणून सराईत नेमबाजाच्या पेटीत एकाच रायफलीसाठी दोन-तीन बट प्लेट, दोन चीक पीस असं सामान असतं. त्यावर बारीक रेघा ओढलेल्या, कुठे नेलपॉलिशचा ठिपका. वहीत आकडे लिहिलेले: प्रोन, लांबी इतकी, उंची इतकी, तिरकस इतकी. ती वही हरवली तर रायफल हरवल्याएवढीच चिडचिड होते.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये जे ब्राँझ जिंकलं, ते याच प्रकारात. सामना पॅरिसमध्ये नव्हे, शातोरू गावाजवळच्या रेंजवर होता. टीव्हीवर बघणाऱ्यांना गुण दिसले. नीलिंगनंतर तो १५३.३ वर, सहाव्या जागी. प्रोनमध्ये १५६.८ मिळवून पाचवा. मग स्टँडिंगमध्ये एकेक जण बाद होत गेला आणि ४५१.४ वर तो तिसरा राहिला. चीनचा लिऊ युकुन ४६३.६ ने पहिला, युक्रेनचा सेरही कुलिश ४६१.३ ने दुसरा. पण जाणकारांचं लक्ष दोन पोझिशनमधल्या त्या मोजक्या मिनिटांकडेही असतं. आठ खेळाडू खाली वाकून स्क्रू फिरवत असतात, बट प्लेट काढून दुसरी बसवत असतात, जॅकेटची बटणं सैल-घट्ट करत असतात, आणि लगेच चाचणीचे फटके मारून सगळं नीट बसलं का ते बघत असतात. प्रेक्षकांच्या दृष्टीने तो मध्यंतर. खरं तर त्या वेळात एक रायफल जाऊन दुसरी येते.

खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या हेलसिंकीतल्या ब्राँझनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेलं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याच्या मागे नेमबाजीची मोठी परंपरा आहे. नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया १९५१ मध्ये उभी राहिली ती लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर यांच्या पुढाकाराने. त्यांच्या नावाची मावळंकर स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेच्या अलीकडची पायरी मानली जाते. वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर संजय चक्रवर्ती यांच्या हाताखाली अंजली भागवत, सुमा शिरूर, दीपाली देशपांडे तयार झाल्या. अंजली सिडनी २००० मध्ये एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोहोचली. सुमाने २००४ मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत ४०० पैकी ४०० मारले. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये ६०० पैकी ५९७ गुण मिळवून जागतिक विजेतेपद आणलं, ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ मध्ये कैरोत एअर रायफलचं. दीपाली देशपांडे पुढे स्वप्नीलच्या प्रशिक्षक झाल्या.

या परंपरेची सुरुवात बहुतेकांसाठी क्लबच्या रायफलीपासून होते. क्लबची रायफल भाड्याच्या सायकलसारखी. आधीच्याने सीट कुठे ठेवली असेल त्यावर आपला दिवस. सकाळच्या बॅचमधला सहा फुटी मुलगा बट मागे सरकवून जातो, दुपारच्या मुलीला ती काखेत रुतते. बऱ्याच क्लबांत त्यावर तोडगा म्हणून रंगीत चिकटपट्ट्या असतात: लाल खूण अमकीची, निळी तमक्याची. चीक पीसला मात्र खूण कुणी करत नाही, आणि मुलं मान वाकडी करून शिकतात. नंतर स्वतःची रायफल आली तरी ती वाकडी मान सुटायला वर्ष-दीड वर्ष जातं. त्यामुळे स्वतःची रायफल ही चैन नव्हे. पालकांना हे पटवायला प्रशिक्षकांना फार तोंड वाजवावं लागतं, कारण ऑलिंपिक दर्जाच्या रायफलीची किंमत लाखांत जाते आणि वर पुन्हा हे सामान.

हे सामान एवढं मुबलक मिळतं कसं? उत्तर एका खाचेत आहे. रायफलीच्या पुढच्या भागाखाली लांब रूळ असतो, त्यात हँड स्टॉप बसतो. मुळात तो आन्शुट्झचा. हळूहळू इतरांनी तोच स्वीकारला. साइट बसवायची खाच ११ मिलिमीटरची. मागच्या साइटच्या आयरिसचा आटा ९.५ मिलिमीटरचा, पुढच्या साइटच्या नळकांड्याचा १८ किंवा २२ चा. माप एक झालं आणि छोट्या कारखान्यांना दार उघडलं. कार्ल्सरूहची गेमान कंपनी आयरिस करते. तिचं काम एवढंच की छिद्र डोळ्याच्या बाहुलीसारखं लहान-मोठं करता यावं, ढग आले तर वाढवावं, ऊन पडलं तर आवळावं. जर्मनीसाठी ऑलिंपिक खेळलेल्या माइक एकहार्टने मेक नावाने बट प्लेटपासून अख्ख्या स्टॉकपर्यंत वस्तू बनवायला घेतल्या. स्वतः नेम धरणाऱ्या माणसाने काढलेल्या बट प्लेटची वळणं वेगळी असतात, असं नेमबाज सांगतात. त्यात भक्तीचा अंश किती हा भाग वेगळा. स्वित्झर्लंडचे ब्लायकर आणि ग्रुनिग अँड एल्मिगर तर रायफलच जवळजवळ मागणीनुसार घडवतात.

एका मापातून बाजार कसा फुलतो याचं टोकाचं उदाहरण अमेरिकेत आहे. १९६४ मध्ये रुगर कंपनीने १०/२२ नावाची साधी, स्वस्त .२२ रायफल काढली. नळी दोन स्क्रूंनी बसवलेली, त्यामुळे सगळे भाग सहज बदलता येतात. पुढच्या काही दशकांत तिच्यासाठी इतक्या कंपन्यांनी इतके भाग काढले की रुगरचा एकही तुकडा न वापरता ‘१०/२२’ बांधता येते, आणि लोक बांधतातही. १९९५ मध्ये अमेरिकी लष्कराने न्यू जर्सीतल्या पिकॅटिनी शस्त्रागाराच्या नावाचा रूळ प्रमाण म्हणून स्वीकारला आणि नागरी बंदुकांवरही जागोजागी त्या खाचा आल्या. तिथल्या कायद्यात क्रमांक कोरलेला रिसीव्हर हाच ‘बंदूक’. बाकीचे बहुतेक भाग टपालाने घरपोच येतात. तिथे शनिवारी दुपारी गॅरेजमध्ये बसून रायफल नटवणं हा छंद आहे, आणि छंद म्हणून तो बराचसा शोभेचा आहे. ऑलिंपिकची रायफल मात्र शोभेसाठी कुणी बदलत नाही. बघितली तर ती कुरूपच दिसते: इकडे एक दांडी, तिकडे एक हूक, मधे भोकं.

आपल्याकडे कायदा वेगळा. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राचे सुटे भागही शस्त्रातच मोडतात. त्यामुळे .२२ रायफलीची नळी किंवा बोल्ट ही काही खोक्यातून मागवायची वस्तू नव्हे. परवाना, नोंद आणि परवानाधारक कारागीर, सगळं लागतं. परदेशातून आणायचं तर ख्यातनाम नेमबाज म्हणून मान्यता आणि असोसिएशनची शिफारस. १० मीटरच्या ४.५ मिलिमीटर एअर रायफलला ही कटकट खूपच कमी, आणि आपल्याकडे नेमबाजीची लाट एअर रायफल-पिस्तुलातून पसरली यामागचं ते एक मोठं कारण. बट प्लेट किंवा ग्रिपचा शस्त्र परवान्याशी तसा संबंध नाही, पण कस्टममध्ये पेटी उघडणाऱ्याला ते पटवून देणं हा स्वतंत्र क्रीडाप्रकार आहे. देशी प्रयत्नही सुरू आहेत. खोल आणि सरळ छिद्र पाडणारी यंत्रं बनवणाऱ्या ठाण्याच्या प्रेसिहोलने त्याच हुनरातून एअर रायफली काढल्या. शिकाऊ मुलांच्या हातात त्या दिसू लागल्या आहेत.

इथवर ज्या भागांबद्दल बोललो ते सगळे माणसाच्या बाजूचे. नळीच्या बाजूचा मामला आणखी गूढ आहे. .२२ ची शिशाची गोळी अवघी २.६ ग्रॅमची, नळीतून सेकंदाला सुमारे ३३० मीटर वेगाने निघते, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या जरा आतच. प्रत्येक नळीचा स्वभाव निराळा. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या गोळ्यांच्या दोन लॉटपैकी एक तिला मानवतो, दुसरा नाही. का, ते कुणी नेमकं सांगत नाही. त्यामुळे नेमबाज रायफल घेऊन गोळ्यांच्या कारखान्यात जातात. बर्मिंगहॅमची एली, जर्मनीतल्या शोनेबेकचं लापुआचं केंद्र, अशा ठिकाणी नळी शिकंज्यात लावून लॉटमागून लॉट झाडून बघतात. जो आवडेल त्याच क्रमांकाच्या हजारो गोळ्या एकदम घेतात. लॉट संपला की पुन्हा शोध. एअर रायफलचे छर्रेसुद्धा ४.४९, ४.५०, ४.५१ अशा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या फरकाने विकले जातात. केंद्र सरकारच्या २०१४ पासूनच्या ‘टॉप्स’ योजनेत नेमबाजांसाठी मंजूर होणाऱ्या खर्चांत छर्रे आणि गोळ्यांची चाचणी ही बाब असते. बाहेरच्याला ती कागदावर चैनच वाटेल.

बदलांना कुठे तरी लगाम हवा म्हणून म्युनिकला मुख्यालय असलेला आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघ टेप आणि तराजू घेऊन बसलेला असतो. ५० मीटरची रायफल ८ किलोपेक्षा जड नको. पूर्वी महिलांसाठी ही मर्यादा ६.५ किलो होती, आता दोघांनाही सारखीच. एअर रायफल ५.५ किलोपर्यंत, यंत्रणेच्या मागच्या टोकापासून नळीच्या दिसणाऱ्या तोंडापर्यंत ८५ सेंटिमीटरपेक्षा लांब नको. ‘दिसणाऱ्या’ असं म्हणायचं कारण, नळीच्या पुढे पोकळ नळकांडं जोडून पुढची साइट लांब नेण्याची युक्ती फार जुनी आहे. गोळी आतल्या आखूड नळीतून लवकर सुटते आणि नजरेला मात्र लांब अंतर मिळतं. स्पर्धेआधी रायफल, जॅकेट, पँट, बूट सगळ्याची तपासणी होते. वजनं लावून-काढून ७.९ किलोला नेलेली रायफल स्पर्धेच्या तराजूवर थोडी जास्त भरली की त्या रांगेत जो तमाशा होतो तो बघण्यासारखा असतो. म्हणून बरेच जण काठावर न जाता थोडी जागा ठेवतात.

एअर रायफलीला आणखी एक मर्यादा आहे, तारखेची. २०० बारच्या आसपास दाबाने हवा भरलेला सिलिंडर कितीही टवटवीत दिसला, तरी त्याचं आयुष्य साधारण दहा वर्षांचं धरतात आणि तारीख त्यावरच कोरलेली असते. ती उलटली की तो बाद. तारखेची जबाबदारी खेळाडूची.

एवढं सगळं बसवून झाल्यावर प्रश्न उरतो तो असा की या सगळ्याने गुण किती वाढतात. इथे मॅथ्यू एमन्सची गोष्ट काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकआधी या अमेरिकन नेमबाजाच्या रायफलीची कुणीतरी मोडतोड केली. वर्षानुवर्षं अंगाला बसवलेली रायफल निकामी. त्याने कॉलेजच्या संघातल्या अँबर डार्लंडची रायफल उसनी घेतली आणि अथेन्समध्ये प्रोनचं सुवर्ण जिंकलं. त्यानंतर तीन पोझिशनच्या अंतिम फेरीत शेवटच्या फटक्याला तो पहिला होता आणि त्याने गोळी झाडली शेजारच्या लक्ष्यावर. शून्य गुण, आठवी जागा, सुवर्ण चीनच्या जिया झानबोला. २००८ मध्ये बीजिंगला पुन्हा शेवटच्या फटक्याला पुढे असताना ४.४. या दोन्ही वेळी कुठल्याही स्क्रूचा दोष नव्हता.

दुसऱ्या टोकाला अभिनव बिंद्रा. सामानाच्या बाबतीत तो किती चिकित्सक, हे त्याने आत्मचरित्रात मनमोकळेपणे सांगितलं आहे. २००८ च्या बीजिंगमध्ये एअर रायफलच्या अंतिम फेरीआधी चाचणीचा पहिला फटका भलतीकडे गेला तेव्हा आपल्या साइटशी कुणीतरी छेडछाड केली असल्याचं त्याच्या लक्षात आलं. क्लिक मोजत त्याने ती जागेवर आणली, ७००.५ गुणांनी भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण जिंकलं, तेही शेवटच्या फटक्याला १०.८ मारून. २०१६ मध्ये रिओला स्पर्धेआधी त्याची रायफल पडून साइट फुटली. दुसरी लावून तो खेळला आणि चौथा आला. ब्राँझच्या शर्यतीत त्याला शूट-ऑफमध्ये मागे टाकणारा होता तोच सेरही कुलिश, जो आठ वर्षांनी शातोरूला स्वप्नीलच्या एक पायरी वर उभा राहिला. टोकियोत २०२१ च्या जुलैमध्ये मनू भाकरचं पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बंद पडलं. दुरुस्तीत बरीच मिनिटं गेली आणि दोन गुणांनी अंतिम फेरी हुकली. यंत्रात जितके नाजूक भाग, तितक्या बिघडायच्या जागा, हे अशा वेळी लक्षात येतं.

अनुभवी प्रशिक्षकांचा एक अलिखित नियम असतो. एका वेळी एकच बदल, तोही स्पर्धा दूर असताना. नवी बट प्लेट बसवली की पहिले दोन-तीन दिवस गुण हटकून वाढतात. नवेपणाच्या आनंदात शरीर सावध असतं. खरा निकाल तीन-चार आठवड्यांनी लागतो, आणि तोवर पुष्कळ नेमबाजांनी दुसरी काही वस्तू मागवलेली असते. कंटाळवाण्या ड्राय फायरिंगपेक्षा, म्हणजे गोळीशिवाय तासन्‌तास नुसता नेम धरून चाप दाबण्यापेक्षा, कॅटलॉग चाळणं सोपं. घसरलेल्या फॉर्मवर सामानाचा इलाज करण्याची ही सवय फार पसरली आहे आणि पालकांचे पैसे तिच्यात वाया जातात, हे कुणीतरी स्पष्ट म्हणायला हवं. चीक पीस एक मिलिमीटर सरकवायचा की झोप पुरी करायची, हे ओळखणारा प्रशिक्षक कुठल्याही बट प्लेटपेक्षा महाग आणि दुर्मिळ.

तरीही वर्षानुवर्षांच्या फेरफारांतून जे उरतं, त्याची किंमत नेमबाज नेमकी ओळखतात. जुनी रायफल विकायला निघते तेव्हा हे दिसतं. परवान्यावरून परवान्यावर जाते ती नळी, बोल्ट आणि बहुधा स्टॉक. कारखान्यातून आलेली मूळची बट प्लेट आणि साधी ग्रिप माळ्यावरच्या खोक्यातून शोधून पुन्हा लावली जाते. मालक स्वतःकडे ठेवतो ती हाताच्या ठशाप्रमाणे तासून, पुट्टी भरून घडवलेली ग्रिप, डोळ्याला सरावलेली आयरिस आणि आकड्यांनी भरलेली वही. नवी रायफल आली की या तीन गोष्टी आधी तिच्यावर चढतात. आणि जुनी ज्या मुलाकडे गेली, तो घरी पोहोचताच पेटी उघडतो, कार्ड बघतो आणि चौथ्या नंबरची ॲलन की सापडत नाही म्हणून आईला विचारतो.